पंचांग बघून कोकणात : मुरूड-जंजिरा ते हर्णै, घरच्यांसोबत चार दिवस

कोकणातली सहल ठरवताना आपण आधी नकाशा उघडतो आणि किलोमीटर मोजायला लागतो. किनाऱ्यावर हा हिशोब चालत नाही. मुरूडहून दिवेआगर नकाशात बोटभर दिसतं, पण मध्ये राजपुरीची खाडी आडवी येते. हरिहरेश्वरहून समोर बाणकोटचा डोंगर दिसतो, पण मध्ये सावित्रीचं मुख आहे. खाडी ओलांडायची तर जंगलजेटी, म्हणजे गाड्या-माणसं पलीकडे नेणारी बोट, कधी सुटते ते बघायचं, आणि देवळामागच्या खडकांवरून चालायचं तर समुद्र कधी मागे जातो ते बघायचं. किलोमीटरचा क्रमांक त्याच्या नंतर.

हा लेख रायगडमधल्या मुरूडपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैपर्यंतच्या पट्ट्यापुरता आहे. सोबत आजी-आजोबा, शाळकरी मुलं, घरची गाडी आणि हातात चार दिवस-तीन रात्री, असं गृहीत धरलं आहे. गणपतीपुळे यात नाही. चार दिवसांत मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंत सगळं 'करणारी' मंडळी असतात, पण त्यांनी पाहिलेलं बहुतेक गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं असतं.

आधी तिथी, मग तारीख, मग खोली

ऋतूचं आधी उरकून टाकू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी घामाच्या धारा लागतात, पण वेळासची कासवं आणि शिमगा याच दिवसांत असतात. मेमध्ये आंबा, फणस आणि तोबा गर्दी. पावसाळ्यात जंजिरा बंद, समुद्रात उतरायचं नाही, जून-जुलैत मासेमारीही बंद. हिरवं कोकण बघायचं असेल तरच जा, पण मग हा लेख तुमच्या कामाचा नाही. नाताळ ते एक जानेवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या शक्य तितक्या टाळा. त्या दिवसांत जंगलजेटीच्या रांगेतच सकाळ जाते.

आता तिथी. किनाऱ्यावरच्या लोकांचा भरती काढायचा जुना हिशोब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटेही तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा वद्य, मोजणी दोन्हींत एक ते पंधरा अशीच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा गावात पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून घ्यायचंच. सहलीच्या तारखा ठरवायला मात्र घरचं कालनिर्णय पुरतं.

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते : पाणी खूप आत येतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे फरक कमी. लहान मुलं पाण्यात खेळणार असतील तर उधाणाचे दिवस टाळलेले बरे.

या चार दिवसांत ओहोटीची खरी गरज पडते ती हरिहरेश्वरला, देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणा करताना, आणि माझ्या आखणीत ते तिसऱ्या दिवशी सकाळी येतं. त्यामुळे तिसरा दिवस चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठी येईल अशा बेताने निघायचं. तेव्हा ओहोटी सकाळी सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान पूर्ण होते. वद्य चतुर्थी आली तर संकष्टी असते, म्हणजे गणपतीच्या देवळांत रांगा. पंचमी सगळ्यांत सोयीची. तिथी जुळतच नसेल आणि तुमचा दुसरा दिवस त्रयोदशी-चतुर्दशीला येत असेल, तर त्याच दिवशी दुपारी हरिहरेश्वर उरका. तेव्हा ओहोटी चार-पावणेपाचला असते.

मुक्काम दोनच

रोज नव्या गावी बॅगा उतरवायच्या म्हटलं की सकाळचे दोन तास चार्जर, टॉवेल आणि आजोबांच्या गोळ्या शोधण्यात जातात. पहिल्या दोन रात्री दिवेआगर, तिसरी आंजर्ले किंवा हर्णै. कासवांसाठी जात असाल तर तिसरी रात्र वेळासला.

हॉटेलपेक्षा वाडीतलं घर घ्या. दिवेआगरला नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून घरगुती खोल्या भरपूर आहेत. खोली ठरवताना फोनवर एवढं विचारा : संडास खोलीला लागून आहे का आणि कमोड आहे का (गुडघेदुखीवाल्यांचा सगळा आनंद यावर ठरतो), गरम पाण्याची काय सोय, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि जेवण शाकाहारी की मासळीचं. काही घरांत मासे शिजत नाहीत, बाहेरून आणलेलेही चालत नाहीत. हे पोचल्यावर कळलं तर दोन्हीकडची तोंडं कडू होतात.

वाडीत गाडी लावताना वर बघा. माडाखाली गाडी, बाबागाडी किंवा आजीची खुर्ची ठेवायची नाही. नारळ पडतो तेव्हा आधी सांगून पडत नाही, आणि वाळलेली झावळही चांगली जड असते. यजमान जिथे सांगतील तिथेच लावा. अंगणात सुपारी वाळत घातलेली असते, तिच्यावरून मुलं पळणार नाहीत हेही बघा. तो त्या घराचा वर्षाचा पैसा आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, वाडीवाल्यांशी गप्पांना सुरुवात करायला हा विषय उत्तम.

जायचं कसं

मुंबईहून पेण-अलिबाग-रेवदंडा-मुरूड हा रस्ता साधारण दीडशे किलोमीटर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे; तासाभरात पलीकडे नेते आणि मुलांची सहल तिथूनच सुरू होते. आरक्षण आधी करा.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून म्हसळा आणि दिवेआगर. पुणेकरांनी जंजिरा दुसऱ्या दिवशी दिघीहून करावा. दिघीच्या धक्क्यावरूनही जंजिऱ्याला लाँच जातात. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढे बसवा, निघण्याआधी पोटभर पोहे नकोत, आणि आवळासुपारीची डबी हाताशी असू द्या.

गाडी नसेल तर एसटी आहे. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या तिन्ही ठिकाणी आगारं आहेत आणि मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. मग चार जागांचा हट्ट सोडून एकाच गावात तीन रात्री राहा आणि तिथून रिक्षा करून फिरा.

पेट्रोल मुरूड, श्रीवर्धन, दापोली या मोठ्या गावांत भरून घ्यायचं. मधल्या किनारी रस्त्यांवर पंपाच्या भरवशावर राहू नका. रोख पैसेही ठेवा. यूपीआय सगळीकडे आहे, पण रेंज सगळीकडे नाही. होडीवाल्यापुढे उभं राहून फोन उंच धरणारे बाबा दर सुट्टीला दिसतात.

पहिला दिवस : आक्षीचा दगड आणि जंजिरा

पहाटे पाचला निघालात तर अलिबागेत नाश्ता होतो. पुढे रेवदंड्याच्या वाटेवर आक्षी लागतं. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी हा एक. वर चंद्र-सूर्य, खाली गधेगाळ, म्हणजे लेख मोडणाऱ्याला दिलेला शाप. थांबा दहा मिनिटांचाच, पण मुलांना अक्षरं लावून बघायला सांगा. एखादं ओळखीचं निघालं की पुढचा अर्धा तास गाडीत शांतता.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. गावच वेशीच्या आत, तटबंदीच्या आत वसलेलं आहे. सातखणी मनोरा गाडीतून उतरून बघण्यासारखा. १४६९ मध्ये चौलला उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारकही इथेच आहे. पुढचा कोर्लईचा किल्ला सोडून द्या. तो चढायचा तर दिवस वेगळा हवा. मुलांना एवढं मात्र सांगा की या कोर्लई गावात आजही काही कुटुंबं पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली बोलतात.

काशीदची पांढरी वाळू बघून सगळ्यांना पाण्यात उतरावंसं वाटतं. इथे ओढ जोरात आहे आणि बुडण्याच्या घटना पुन्हापुन्हा घडलेल्या आहेत. पाय भिजवा आणि निघा. समुद्रात डुंबण्याचा बेत उद्यासाठी राखून ठेवा.

जंजिऱ्याच्या होड्या मुरूड गावातून नव्हे, पुढच्या राजपुरीहून सुटतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी किल्ला बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवशी जात असाल तर आधी विचारून घ्या. तिकीट काढलं की शिडाच्या होडीत माणसं भरेपर्यंत थांबावं लागतं. डोक्यावर सावली नसते, म्हणून टोप्या आणि पाणी हातात हवं, गाडीत नको. लाइफ जॅकेट मागून घ्या.

किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा लपवलेला आहे की शत्रूचं जहाज समोर येईतो तोफांच्या तोंडी आलेलं असे. मुलांना आधीच पैज लावायला सांगा, दरवाजा पहिला कोणाला दिसतो.

आता खरा प्रश्न उतरण्याचा. होडी पायऱ्यांना टेकते, पण स्थिर राहत नाही. लाटेबरोबर हातभर वर, हातभर खाली होते. होडीवाला हात धरतो आणि "आता!" म्हणतो, त्या क्षणी पाऊल टाकायचं. आपल्या मनाने आधी किंवा नंतर नाही. पायऱ्या ओल्या आणि बुळबुळीत असतात. चपला मागून पट्टा असलेल्या हव्यात. मोबाइल खिशात, दोन्ही हात मोकळे. ज्यांचे गुडघे शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले आहेत, ज्यांचा तोल जातो, किंवा ज्यांच्या कडेवर तान्हं मूल आहे, त्यांनी किनाऱ्यावर थांबावं असं मी स्पष्टच सांगेन. आजींना नाही म्हणवत नाही म्हणून त्यांना होडीत बसवायचं आणि उतरताना चारचौघांनी ओढायचं, यात त्यांना काही गंमत वाटत नाही.

थांबणाऱ्यांसाठी जागाही चांगली आहे. राजपुरीहून आगरदांड्याच्या वाटेवर खोकरीला सिद्दींचे, म्हणजे जंजिऱ्याच्या सत्ताधीशांचे, घुमट (कबरी) आहेत. सिद्दी सुरूलखानाचा सर्वांत मोठा, बाजूला आणखी दोन. दगडातलं जाळीकाम सुंदर, गाडी जवळपर्यंत जाते, गर्दी नाही. जंजिरा पाहून झाल्यावर बाकीच्यांनीही हे बघावं.

किल्ल्यात होडीवाले साधारण तासभर देतात. सगळीकडे धावू नका. दरवाजातलं शिल्प बघा : वाघासारख्या जनावराने पंजांत हत्ती पकडले आहेत. आपण किती बलवान, हे सिद्दीने शब्दांशिवाय सांगून टाकलं आहे. मग कलालबांगडी तोफ, सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष आणि गोड्या पाण्याचा तलाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगं पाणी, हीच या किल्ल्याची खरी ताकद. मराठ्यांनी शिवाजी महाराजांपासून पुन्हापुन्हा प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव टाकून वाट करायला घेतली होती, पण किल्ला हाती आला नाही. सिद्दींचं हे संस्थान शेवटी १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

गाइड भुयाराची गोष्ट सांगतीलच, समुद्राखालून राजपुरीपर्यंत जाणारी. ऐकावी, मुलं खूश होतात. त्याहून चांगली गोष्ट मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पद्मदुर्गाची आहे. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर तो उभा केला. जंजिऱ्याला रात्री शिड्या लावण्याचं धाडस करणाऱ्या लाय पाटील या सोनकोळ्याला महाराजांनी पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाला, आम्ही दर्यावर फिरणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? तेव्हा त्याला गलबत दिलं आणि त्याचं नाव 'पालखी' ठेवलं, अशी आठवण सांगतात. पद्मदुर्गावर जायचा नाद मात्र मुलाबाळांसोबत नको.

जंगलजेटी

आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट नेणारी जंगलजेटी आहे. ती नसेल तर खाडीला वळसा घालून जाण्यात अर्धा दिवस जातो. या किनाऱ्यावर पुलांची कामं निघालेली आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी कुठला धक्का चालू आहे ते यजमानांना विचारा. शेवटची फेरी कितीची हेही विचारा आणि तिच्या एक फेरी आधी पोचा.

गाडी चढवताना चालवणाऱ्याखेरीज सगळ्यांनी उतरायचं. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त असतो, खाली टेकलेल्या गाड्यांचा पुढचा भाग घासतो. भरलेल्या गाडीत तर हमखास. हळू, पहिल्या गिअरमध्ये, माणूस हात करील तसं. जागेवर लागली की हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवायची. मग वर कठड्याशी जा, बगळे आणि मचवे बघा.

दुसरा दिवस : काहीच न करण्याचा

हा दिवस दिवेआगरातच, मुद्दाम मोकळा. तिसरा दिवस पंचमीचा धरला तर आज चतुर्थी. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास संपते, म्हणजे दहा ते बारा पाणी आत येत असतं. पाण्यात खेळायचं ते पाणी येत असताना. ओहोटी लागली की माणसाला आत ओढ बसते आणि कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्याला ते कळतही नाही. लहान मुलं गुडघ्याएवढ्या पाण्याच्या पुढे नाहीत, आणि एक मोठं माणूस पाण्याच्या बाजूला, मुलांच्या पलीकडे उभं. काठावरून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. गाडी वाळूत न्यायची नाही. रुतलेली गाडी आणि येणारी भरती हा तमाशा दर मोसमात कुठे ना कुठे होतो.

सकाळी नऊला, पाणी मागे असताना, ओल्या वाळूवर उकिडवं बसा. बारीक छिद्रं दिसतील आणि प्रत्येकाभोवती मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्यांची किरणांसारखी नक्षी. मुलांना हलू नका म्हणून सांगा. मिनिट-दोन मिनिटांत छिद्रातून करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर येतो, तोंडाशी वाळू नेतो, तिच्यातलं खाणं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला सारतो. सावली पडली की आत गडप. आमच्या ओळखीच्या एका सहावीतल्या मुलाने यासाठी घोड्यावरची फेरी सोडली होती.

गावात सुवर्णगणेशाचं देऊळ आहे. १९९७ मध्ये एका वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये त्याची चोरी झाली. खटला, जप्ती अशी वळणं घेऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. गर्दी सगळी तिथे असते आणि रूपनारायणाच्या देवळात चिटपाखरू नसतं. मला विचाराल तर दिवेआगरात बघायचं ते हेच. शिलाहार काळातली काळ्या दगडाची विष्णुमूर्ती, भोवती दशावतार कोरलेले. मुलांना दहाही अवतार शोधायला लावा. याच गावचा शके ९८२ चा म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपटही जुन्या मराठीचा महत्त्वाचा पुरावा मानतात.

दुपारी जेवून झोपा. चारला निघून शेखाडीच्या किनारी रस्त्याने श्रीवर्धनला जा. भरडखोलच्या कोळीवाड्यानंतर उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर, आणि वळणावळणावर थांबावंसं वाटेल. थांबताना वळणावर नाही, पुढच्या सरळ पट्ट्यात थांबा. श्रीवर्धन हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं गाव. भटांकडे इथली देशमुखी होती. त्यांचा पुतळा आणि लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघून किनाऱ्यावर सूर्यास्त गाठता येतो. परतताना आतल्या रस्त्याने या, अंधारात किनारी रस्ता नको.

जेवणाचं

कोकणात जेवण 'सांगून' ठेवावं लागतं. सकाळी नाश्त्याच्या वेळी दुपारचं, दुपारी रात्रीचं. किती ताटं, त्यात मुलांची किती, तिखट किती. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. सांगून ठेवलं आणि दोन तास उशिरा गेलात तर यजमानीणबाई काही बोलणार नाहीत, पण गरम भाकरीची वेळ गेलेली असेल.

शाकाहाऱ्यांनी वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं आणि फणसाच्या दिवसांत कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी मागावी. 'पनीर मिळेल का' असं विचारू नये. मिळेल, पण विचारू नये. मासे खाणाऱ्यांनी 'सुरमई आहे का' ऐवजी 'आज काय आलंय' विचारावं. बांगडा, मांदेली, तिसऱ्या (शिंपले) ताज्या मिळत असताना बर्फातल्या सुरमईवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. सोलकढी मुलांना आधी अर्धी वाटीच द्या, आवडली तर पुन्हा.

तिसरा दिवस : हरिहरेश्वर आणि खाडीपलीकडे

सकाळी साडेसातला बॅगांसकट निघा. हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा इथला क्रम आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागून डोंगर चढते आणि मग दोन कड्यांच्या खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. लाटांनी आणि वाऱ्याने खडकांवर अशी जाळी पाडली आहे की मधाचं पोळं दगडाचं झाल्यासारखं वाटतं.

ही वाट फक्त ओहोटीची. ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी उतरा, म्हणजे तुम्ही चालत असताना समुद्र मागेच जात असतो आणि पाणी वळायच्या आत तुम्ही बाहेर पडलेले असता. पंचमीला ओहोटी दहाला असेल तर साडेआठ-नऊला खडकांवर. देवळाजवळच्या दुकानदाराला विचारा, "आत्ता प्रदक्षिणा होईल का?" तो नको म्हणाला तर नको. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हिरव्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, आणि काठाकडचा ओला खडक म्हणजे तिथपर्यंत लाट येऊन गेली आहे हे लक्षात ठेवायचं. इथे माणसं वाहून गेली आहेत. आजी-आजोबांनी देवळातच थांबावं. उधाण असेल, वारा असेल किंवा मूल कडेवर असेल, तर तुम्हीही.

तिथून बागमांडला जवळच. जंगलजेटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा. बाणकोटचा हिंमतगड रस्त्यापासून फारसा लांब नाही आणि वरून खाडीचं मुख अख्खं दिसतं. वेळ असेल तर बघा, नसेल तर हळहळू नका.

पुढे वेळास, नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. २००२ पासून इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं. मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. अंडी कुंपणाच्या आत हलवतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात आणि सकाळी सातच्या व संध्याकाळी सहाच्या सुमारास ती पाण्याकडे सोडतात. मार्च-एप्रिलमध्ये जा. मुलांना आधीच सांगून ठेवा की पिल्लं निघतीलच असं नाही. एखाद्या दिवशी चाळीस निघतात, एखाद्या दिवशी एकही नाही. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश आणि टॉर्च बंद, पिल्लू उलटं झालं तरी हात लावायचा नाही. यासाठी वेळासला राहणार असाल तर घरगुती सोयी साध्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी महिनाभर आधी भरतात.

राहणार नसाल तर केळशीला महालक्ष्मीच्या देवळात टेकून, किनारी रस्त्याने आंजर्ल्यात दुपारी तीनपर्यंत पोचा. बॅगा टाका, चहा घ्या, कारण पाचला हर्णै गाठायचं आहे.

हर्णैचा लिलाव

या सगळ्या सहलीत मुलं ज्याबद्दल शाळेत बोलतात ते हे. बोटी खोल पाण्यात थांबतात, आणि मासळी आणायला बैलगाड्या समुद्रात जातात. चाकाचा आस बुडेपर्यंत, बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत. गाडीवान उभा असतो, टोपल्या मागे. किनाऱ्यावर गाडी रिकामी होते आणि ओल्या वाळूवर ढीग लागतात : कोळंबी, बांगडे, एखादा लांबलचक वाकटी मासा. ढिगाभोवती बायका गोल करून उभ्या राहतात आणि लिलाव सुरू होतो. आकडे इतक्या भराभर म्हणतात की नवख्याला शेवटचा 'गेला' तेवढा कळतो. पदर खोचलेली एखादी बाई नुसती मान हलवते आणि पन्नास किलोंचा ढीग तिचा होतो.

लिलावात आपण बोली लावायची नाही. तो व्यापाऱ्यांचा आणि विक्रेत्या बायकांचा धंदा आहे, मध्ये उभं राहून वाटही अडवायची नाही. घ्यायची असेल तर लिलाव झाल्यावर बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्या. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहत नसेल तर ताजी. भाव करा, पण अर्ध्यावर आणायचा प्रयत्न नको. दोन शब्द ऐकावे लागतात, आणि ते ऐकण्यासारखे असले तरी मुलांसमोर नकोत. मुलांना गमबूट किंवा जुन्या चपला घाला. वाळूत काटे असतात आणि वास दोन दिवस जात नाही.

चौथा दिवस : एक निवडा

सकाळी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जा, गाडी वरपर्यंत जाते. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देवळामागून सुवर्णदुर्ग, हर्णैचं बंदर, खालची माडबनं असा सगळा पट. आजी-आजोबांसाठी सहलीतली सर्वांत सोपी आणि सर्वांत सुंदर जागा.

त्यानंतर दोनपैकी एकच. मुलं किल्ल्याची वेडी असतील तर हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग. इथे पक्का धक्का नाही, पाण्यात उतरावं लागतं, आत झाडी माजलेली आहे आणि सावली कमी. पण दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि शेजारच्या तटातला मारुती शोधायला मजा येते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने ते आंग्र्यांकडून घेतलं. आपल्याच माणसांविरुद्ध इंग्रजांना बोलावल्याचा हा प्रसंग मोठ्या मुलांशी बोलायला चांगला आहे. घरी परतेपर्यंत वाद पुरतो.

किल्ला नको असेल तर आसूदचा केशवराज. सुपारीच्या बागेतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पलीकडे दगडी वाटेने चढायचं. देवळाशी गोमुखातून बारमाही पाणी पडतं. चढ छोटा पण दमवणारा आहे. ज्येष्ठांनी साकवापर्यंत यावं आणि तिथे बसावं.

दोन्ही करायचं मनात आलं तर घड्याळ बघा. दुपारी एकपर्यंत दापोलीत जेवून खेडमार्गे महामार्गाला लागलात तर कशेडीचा घाट बोगद्याने उजेडात पार होतो आणि मुलं रात्री घरच्या अंथरुणात झोपतात. कोकम, आगळ, कुळीथ घ्यायचं ते दापोलीच्या बाजारातच घ्या. सुकी मासळी घेतली असेल तर तीन पिशव्यांत बांधून डिकीत, बॅगांपासून लांब.